नॉमिनीच्या रकान्यात तुमचं नाव

३ फेब्रुवारी

नमस्कार,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला, म्हणून शेवटी नुसता नमस्कार घातला. पाकिटावरचा दुकानाचा पत्ता पाहून मी कोण ते तुम्हाला कळलंच असेल. एकोणीस वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. आता लिहितेय तीही कामापुरतीच, तेव्हा गैरसमज नसावा.

काम असं. बँकेने सगळ्या खातेदारांना कळवलंय की आपापल्या खात्यावरची नॉमिनीची नोंद तपासून घ्या, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव. लोकांची लग्नं होतात, मोडतात, माणसं जातात, आणि कागदावर जुनीच नावं राहतात, असं तिथली काउंटरवरची मुलगी म्हणाली. दुकानाच्या खात्यावर माझं नाव आहे. पण आमच्या यांचं (‘आमच्या’ लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिलं) एक वेगळं खातं आहे. त्यात थोडे साठले की ते ठेव करतात. शिवाय एक म्युच्युअल फंड आहे. या दोन्हींवर अजून तुमचं नाव आहे. नातं: पत्नी.

राहून गेलं असणार. यांचा विसरभोळेपणा तुम्हालाही माहीत आहे. गिऱ्हाइकाचा हरवलेला स्क्रू फरशीवरून टिपून काढतील आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतील.

सोबत एक कागद टाईप करून घेतलाय. ‘या खात्यांवरचं माझं नाव काढायला माझी हरकत नाही’ एवढाच मजकूर आहे. खाली सही करून सोबतच्या पाकिटातून परत पाठवा. तिकीट लावलेलं आहे. हे स्वतःच लिहिणार होते, पण सध्या शाळांतल्या मुलांच्या डोळ्यांची तपासणी चालू आहे आणि दुकानात मान वर करायला फुरसत नाही.

तब्येतीला जपा.

दुकानातून,
मी


१९ फेब्रुवारी

नमस्कार,

तुमचं उत्तर पोचलं. चार ओळी, पण अक्षर तसंच आहे. दुकानातल्या जुन्या वह्यांमधल्या नोंदी तुमच्याच हातच्या, त्यामुळे ओळखीचं. तुम्ही लिहिलंत, ‘नाव काढायला माझी सही लागत नाही, त्याची लागते. हे तुलाही माहीत असणार. त्याला लिहायला सांग.’

हो, माहीत होतं. बँकेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचा कागद हातात असला तर काहीतरी हलेल, असं मला आपलं वाटलं.

त्यांना लिहायला सांगता येत नाही. डिसेंबरच्या बारा तारखेला त्यांना झटका आला. सकाळचे अकरा वाजले होते. एका बाईंच्या चष्म्याची काडी बसवत होते. त्यांच्या हातून पेचकस पडला. मी म्हटलं, “राहू द्या, मी उचलते.” उचलून वर बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं. त्या बाईंनीच रिक्षा थांबवली. उजवा हात गेलाय, उजवा पाय गेलाय, वाचा गेलीय. डोळे चांगले आहेत. माणसं ओळखतात, बोललेलं समजतं. हो म्हणायचं असलं की डोळे मिटतात, नाही म्हणायचं असलं की डावा हात हलवतात. जानेवारीत दवाखान्यातून घरी आणलं होतं, छातीत कफ झाला म्हणून पुन्हा न्यावं लागलं. आता दहा दिवस झाले, बेड नंबर चौदा.

दुकानात गर्दी बिर्दी काही नाही. दुकान दुपारचं दोन तास उघडते. मला फ्रेम बसवता येते, काच घासता येते, पण नंबर काढता येत नाही. आणि नंबर काढत नाही त्या चष्म्याच्या दुकानात कोण कशाला येईल?

पैशाचं सांगते. हे जिवंत आहेत तोवर त्या खात्याला त्यांच्याशिवाय कोणी हात लावू शकत नाही, मी नाही आणि तुम्हीही नाही. दवाखान्याचं बिल मी माझ्या बांगड्यांवर भागवतेय. आणि ते गेले तर पैसे तुम्हाला. मी कुठून कशी फिरले तरी भिंतच लागते.

बँकेत एक साहेब आहेत, स्थूलसे, सज्जन. ते म्हणाले, सही नसली तरी अंगठा चालतो. ते स्वतः दवाखान्यात यायला तयार आहेत. दोन साक्षीदार लागतात, आणि यांनी समजून-उमजून होकार द्यायला हवा. येत्या मंगळवारी येणार आहेत.

तुमच्याकडे आता काही मागत नाही. कळवायला हवं, म्हणून कळवलं.

मी


२८ फेब्रुवारी

ताई,

आज ताई म्हणतेय. आवडलं नाही तर तसं लिहा.

मंगळवारी साहेब आले. बरोबर शाईचा डबा, फॉर्म आणि एक शिपाई. साक्षीला सिस्टर उभ्या राहिल्या आणि शेजारच्या बेडवरच्या आजोबांचा जावई. मी सकाळीच यांची दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, पाठीशी उशा देऊन बसवलं होतं. आदल्या दिवशी सगळं समजावूनही सांगितलं होतं. तेव्हा ते छताकडे बघत होते. मला वाटलं, दमलेत.

साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. मोठ्याने आणि सावकाश बोलले, “काका, मी बँकेतून आलोय. ओळखलंत का?”

यांनी डोळे मिटले. हो.

“तुमच्या खात्यावर नॉमिनी म्हणून आधीच्या पत्नीचं नाव आहे. ते काढून या वहिनींचं घालायचं. बरोबर ना?”

काही नाही. नुसते बघत राहिले.

साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी परत विचारलं, आणि हळूच डावा हात धरून अंगठा शाईकडे नेला. ताई, यांनी अंगठा आत घेतला आणि मूठ आवळली. लहान मूल हातातली वस्तू सोडत नाही तशी.

मी म्हटलं, “अहो, असं काय करताय? साहेब आपल्यासाठी एवढ्या लांब आलेत.”

साहेब म्हणाले, “थांबा वहिनी. काका, मी उलटं विचारतो. आहे ते नाव तसंच ठेवायचं का?”

यांनी डोळे मिटले. घट्ट मिटले, आणि किती तरी वेळ उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

सिस्टर खिडकीकडे बघायला लागल्या. आजोबांचा जावई उगाच घड्याळाशी चाळा करत होता. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला दारापर्यंत बोलावून म्हणाले, “वहिनी, मला वाईट वाटतं. पण मी यांच्या मनाविरुद्ध अंगठा घेऊ शकत नाही. उद्या मला जाब द्यावा लागेल.” मी त्यांना चहा घ्या म्हटलं. ते नको म्हणाले.

पुढचं लिहू की नको असं होतंय, पण लिहिते. सगळे गेल्यावर मी पडदा ओढला आणि त्यांची मूठ उघडायला लागले. एकेक बोट. शाईचा डबा तर साहेब घेऊन गेले होते, अंगठा मिळून मी त्याचं करणार काय होते? तरी ओढत राहिले. करंगळी दुखली असणार, तोंडातून आवाज आला. तेव्हा सोडलं.

मी या माणसाचं एकोणीस वर्षं केलं. अडीच महिने झाले, भरवते, पुसते, कूस बदलते. आणि चार परक्यांसमोर त्यांनी मला नाही म्हटलं.

ताई, हा विसरभोळेपणा नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे काय आहे ते. मला सांगा.

तुमची,
(कोण, ते तुम्हीच ठरवा)


२० मार्च

ताई,

तुमचं सहा पानी पत्र तीनदा वाचलं. दोनदा बेड चौदापाशी बसून, एकदा दुकानाचं शटर अर्धं ओढून.

म्हणजे दुकानाची पागडी, काच घासायचं मशीन, नंबर काढायचं यंत्र, सगळं तुमच्या वडिलांच्या घरातल्या तुमच्या हिश्श्यातून आलं होतं. तो हिस्सा तुम्ही भावाला विकलात आणि पैसे यांच्या हातात ठेवलेत. आणि वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा वकील, कोर्ट, पोटगी काही न करता एवढंच म्हणालात की माझे मला परत दे, जमेल तसे दे, पण दे. त्यांनी शब्द दिला की एका खात्यावर नॉमिनी म्हणून तुझं नाव लावतो, दर महिन्याला भरतो, तुझे तेवढे भरून झाले की तुला देतो, आणि मध्येच मी गेलो तरी ते तुलाच मिळतील. लिखापढी काही नाही.

मी पासबुकं काढून पाहिली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरणा आहे. दुकानात पाणी शिरलं त्या महिन्यातही आहे. माझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या महिन्यातही आहे. मी त्या खात्याला आमचं म्हातारपण म्हणायचे. “म्हातारपणात भर घालून आलात का?” असं विचारायचे, आणि ते हसायचे. ते हसणं आता आठवून बघते, तर नीट दिसत नाही.

मला सांगायला काय झालं होतं त्यांना? मी काय नको म्हटलं असतं? म्हटलं असतं बहुतेक. पण विचारायचं तरी.

तुम्ही मला एका शब्दाने टोचलं नाहीत. म्हणून मीच सांगते. सगळ्यांना सांगितलंय की आमचं काय ते तुमचा घटस्फोट झाल्यावर जमलं. तसं नाही. मी दुकानात कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. तुम्ही दुपारी डबा घेऊन यायचात आणि मलाही त्यातलं वाढायचात, तेव्हापासून. तुम्हाला बहुधा हे माहीत होतं. तरी मी एकदा स्वतः लिहायला हवं होतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर वकील बसतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना मोघम विचारलं. ते म्हणाले, “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस तुम्ही आहात. तिच्याकडे कागद नाही. दावा लावा, वेळ लागेल, पण जिंकाल.” त्यांना मी पत्र दाखवलं नाही.

तुम्ही विचारलंत, एकदा भेटायला येऊ का. ताई, येऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय की माणसं नकोत, त्यांना त्रास होतो. जरा बरं वाटलं की मीच कळवेन.

तुमची


११ एप्रिल

ताई,

हे दोन तारखेला गेले. दुपारी सव्वातीन वाजता. मी बिलाच्या खिडकीवर रांगेत होते. वर आले तर सिस्टर दारातच उभ्या होत्या.

नऊ दिवस तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही शेवटचं पाहायला आला असतात. म्हणूनच कळवलं नाही.

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. उलट ते म्हणाले होते, “ओळखीच्या माणसांना येऊ द्या, बोलू द्या, त्याने फरक पडतो.” मीच तुम्हाला नको म्हटलं. मला वाटलं, तुम्ही आत आलात आणि त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही तसं तुमच्याकडे पाहिलं, तर मी कुठे जाऊ? दुसरं म्हणजे, मी त्यांना एकदाच विचारलं होतं, “ताईंना बोलवायचं का?” त्यांनी डोळे मिटले होते. हो म्हणाले होते. मी म्हटलं, बरं, लिहिते. आणि तुम्हाला उलटं लिहिलं.

शेवटचे आठ दिवस ते दाराकडे बघायचे. दार वाजलं की मान वळवायची धडपड करायचे. मी आत आले की पुन्हा भिंतीकडे.

हे माझ्याकडून झालंय आणि आता काही करता येत नाही. माफी मागू तर कोणाकडे आणि कशाची, तेही सुचत नाही.

बँकेत जाऊन आले. साहेबांनी सांगितलं, पैसे मिळायला तुम्हाला मृत्यूचा दाखला लागेल, मूळ प्रत, शिक्क्यासहित. दवाखान्याचे कागद ज्यांच्याकडे, त्या घरच्यांना दाखला मिळतो. म्हणजे मला. मी तीन प्रती काढून आणल्यात, कपाटात आहेत.

तुम्ही मागाल तेव्हा बघू, असं स्वतःला सांगतेय.

तुमची


१४ मे

ताई,

तुमचं पत्र आलं. मला वाटलं होतं दाखला मागाल, नाहीतर चांगलं फैलावर घ्याल. तुम्ही विचारलंत, शेवटी त्यांना दुखत होतं का. नाही, दुखत नव्हतं. झोपेतच गेले असं सिस्टर म्हणाल्या, आणि त्या बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत.

मग शेवटच्या चार ओळी. ‘मला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. जिना उतरता येत नाही, महिनाभर खाली गेले नाही. पैसे मला हवेत, नको म्हणून मोठेपणा मिरवणार नाही. पण तू दाखला दिला नाहीस तर भांडायला यायची ताकद माझ्यात नाही. दिलास तर दे.’

ताई, तुम्ही भांडायला आला असतात तर मला सोपं गेलं असतं. वकिलांकडे जाऊन सही केली असती. ते फॉर्म तयार ठेवून बसलेत, रोज जिन्यात भेटले की विचारतात, “काय ठरलं?” मी म्हणते, “बघते.” खरं तर बघण्यासारखं काही नाही. पैसे तुमचे आहेत हे मला माहीत आहे, आणि ते गेले तर माझ्याकडे काय उरतं तेही माहीत आहे. दुकानाच्या मालकाने पुढच्या महिन्यापर्यंत मुदत दिलीय.

रोज सकाळी कपाट उघडते, पाकीट काढते, पुन्हा ठेवते. कालपासून किल्ली शेजारणीकडे दिलीय. ती विचारते, “आत असं आहे तरी काय?” मी म्हटलं, “कागद.”

थोडे दिवस द्या.

तुमची


१६ जून

ताई,

सोबत दाखल्याच्या दोन मूळ प्रती आहेत. एक बँकेला द्या, एक फंडाच्या ऑफिसला. पासबुकं आणि ठेवींच्या पावत्याही पाठवतेय. रजिस्टर्ड पोस्टाने टाकतेय, पोस्टमनला तुमची सही लागेल. तुम्हाला जिना उतरता येत नाही, तेव्हा त्याला वर बोलवा. बँकेतल्या साहेबांना मी सगळं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “त्यांना इथवर यायला नको. त्यांच्या गावच्या शाखेत ओळखपत्र दाखवलं तरी काम होईल.”

मी मोठ्या मनाने देतेय असं समजू नका. काल संध्याकाळपर्यंत द्यायचं नाही असंच ठरलं होतं. वकिलांकडे जायला म्हणून निघाले, हातात पाकीट होतं, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले ते बसलेच. वर चढवेना. तासाभराने वकीलच खाली आले. म्हणाले, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “दावा नको लावायला.” ते म्हणाले, “तुम्ही मूर्खपणा करताय.” मी म्हटलं, “असेल.” पण सकाळी पोस्टाचा फॉर्म त्यांनीच भरून दिला.

दुकान गेलं. मशीन एका दलालाने नेलं. नंबर काढायचं यंत्र जुनं म्हणून कोणी घेईना, ते तसंच आत सोडून शटर ओढलं. बाजारपेठेत नवं मोठं दुकान झालंय, तिथे काउंटरवर लागले. मालक माझ्या निम्म्या वयाचा आहे. मला फ्रेमला हात लावू देत नाही, फक्त पावत्या फाडायच्या. “मावशी, तुम्ही बसूनच असा,” म्हणतो. चांगलं वागतो. बसूनच असते. राहायला शेजारणीच्या मागची खोली घेतलीय.

ऑपरेशन झालं की दोन ओळी टाका. पैसे मिळाल्याचं नाही लिहिलंत तरी चालेल, गुडघ्यांचं लिहा.

परवा माझ्या पगाराच्या खात्यासाठी बँकेत गेले होते. खातं जुनंच आहे, त्यावर नॉमिनी म्हणून यांचं नाव होतं. काउंटरवरच्या मुलीने ते काढलं आणि विचारलं, “आता कोणाचं घालू, मावशी?”

मी म्हटलं, “घालायला कोणी नाही.”

“भाऊ, बहीण?”

“नाही.”

“भाचा, पुतणी? मैत्रीणसुद्धा चालते. फक्त नातं लिहावं लागतं.”

तुमचं नाव ओठांपर्यंत आलं होतं, ताई. पण नात्याच्या रकान्यात काय सांगू ते सुचेना, आणि मागे रांग होती. मी मान हलवली.

तिने फॉर्म उलटा करून खालची एक चौकट दाखवली. “मग इथे खूण करा आणि सही करा.”

चौकटीपुढे छापलं होतं, ‘मला नॉमिनी नेमायचा नाही.’

मी म्हटलं, “अगं, नेमायचा नाही असं नाही. माणूस नाही.”

तिने खरंच पुन्हा फॉर्म वाचून पाहिला. मग म्हणाली, “हो मावशी, पण तशी चौकट नाहीये.”

मी खूण केली आणि सही केली.

तुमची